ओव्हर द मून आणि समीरचे बाबा

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, कसलीही गरज नसताना, मी घाटकोपरला इंग्रजी वाक्प्रचारांच्या प्रगत वर्गात नाव घातलं. प्रगतच का? कारण प्राथमिक वर्ग सकाळी होता, आणि विक्रोळीला आमच्याकडे पाणी सकाळीच येतं. म्हणून मी थेट प्रगत झाले.

परवा माझी नात ओवी वाक्प्रचार घोकत बसली होती आणि मी मटार सोलता सोलता एकेकाचा अर्थ सांगत होते. पोरगी थक्क! "आजी, तुला कसं गं हे सगळं येतं?" आता तिला काय सांगू, की या विद्येपायी तिच्या आईबापाचं लग्न ताटावरच अडकलं होतं!

त्याचं असं झालं. माझ्या समीरचं तन्वीशी ठरलं. तन्वीची आई अंधेरीतल्या एका इंग्रजी शाळेत टीचर होती. समीर मला म्हणाला, "आई, त्यांच्याशी जरा जपून बोल हं." बस्स! माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हणजे माझ्या बोलण्याने पोराची मान खाली जाणार? थांब म्हटलं, दाखवतेच!

वर्गातल्या मॅडम (माझ्या निम्म्या वयाच्या, आवाज मात्र दुप्पट) म्हणाल्या होत्या, "शिकलेला वाक्प्रचार त्याच दिवशी वापरायचा." मी ते व्रतासारखं पाळलं. सुरमईचा भाव ऐकून कोळणीला म्हटलं, "इट कॉस्ट्स अ‍ॅन आर्म अँड अ लेग!" म्हणजे भाव खिसा कापणारा. तिने कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "बाय, विंग्रजीत भाव कमी नाय व्हत!" घरी समीरच्या बाबांचं वरण करपलं तेव्हा मी त्यांना 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणजे ऐकलेलं सगळं खरं मानायचं नाही, हे समजावत होते. ते अस्सल मालवणी माणूस. म्हणाले, "गो, घरात मराठी बोललस तर जीभ झिजतली काय?"

आणि मग अंधेरीहून व्याहीभोजनाचं बोलावणं आलं.

आम्ही तिघं पोचलो तर विहीणबाई दारात उभ्या. इस्त्रीची साडी, चष्म्याला साखळी. मी चपला काढायच्या आधीच म्हणाले, "लेट अस ब्रेक द आइस!" म्हणजे पहिल्या भेटीतला अवघडलेपणा मोडू या. त्या नुसत्या हसल्या. (मला वाटलं, परीक्षा घेतायत.) सरबत आलं, मी एक वाक्प्रचार टाकला. भजी आली, दोन टाकले. त्या गप्पच. समीर माझ्या कानाशी लागला, "आई, साधं बोल ना यार!"

"तू गप्प बस. चाललंय ते झकास चाललंय."

पानं वाढली. विहीणबाई म्हणाल्या, "आधी तुमच्या यांना जिलबीचा घास भरवा. पण नाव घेतल्याशिवाय घास नाही हं!"

हेच तर मला हवं होतं! उखाणा मी आठवडाभर तयार करत होते. जिलबी उचलली, यांच्या मिशीसमोर धरली, आणि सुरू केलं:

"ब्रेक द आइस केल्यावर सगळंच पीस ऑफ केक,
ओव्हर द मून झाले मी, सून मिळाली लाखात एक,
थ्रू थिक अँड थिन राहू आपण इन द सेम बोट,
भरल्या पानावर तृप्त होवो सगळ्यांचं पोट,
..."

आणि पुढे काहीच नाही!

नवऱ्याचं नावच आठवेना! सगळे वाक्प्रचार अर्थासकट हजर, आणि नवरा गायब! हसू नका. लग्नापासून मी त्यांना 'अहो' म्हणत आले, समीर झाल्यावर 'समीरचे बाबा' म्हणायला लागले. नाव घ्यायची वेळ येते कधी? समोर ओळखीची मिशी होती, ओळखीचं टक्कल होतं, फक्त त्याला नाव नव्हतं.

पाक मनगटावरून कोपरापर्यंत पोचला. वरणावर साय धरली.

"लाजताय काय!" विहीणबाई.

"आई, बाबांचं नाव घे!" समीर कुजबुजला.

"माहीत आहे रे मला!"

"मग घे ना!"

"तू सांग ना!"

समीरने कपाळावर हात मारून घेतला. तन्वी बिचारी पदर तोंडाला लावून हलत होती. (रडतेय की हसतेय, कळायला मार्ग नाही.) मी घाईघाईने विहीणबाईंना म्हटलं, "इट इज ऑन द टिप ऑफ माय टंग!"

"जिभेर माझा नाव नाय, आणि विंग्रजी आसा?" असं म्हणून हे उठले आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडले. "नमस्कार. माझा नाव भालचंद्र. ह्या बाईचो घोव. आता जेवूक बसूया?"

आणि माझ्या हातातली जिलबी त्यांनी स्वतःच खाल्ली.

मला वाटलं, संपलं. वाट लागली! बघते तर विहीणबाई चष्मा काढून डोळे पुसतायत, हसून हसून त्यांना ठसका लागलाय. "अहो विहीणबाई, तुम्हाला कोणी सांगितलं मला इंग्लिश येतं? मी चित्रकला शिकवायचे! जन्मभर मी 'कीप क्वाएट'च्या पुढे गेले नाही. तुम्ही दारातच सुरू झालात आणि मी घाबरलेच. म्हटलं, ही बाई आपल्या पोरीला रोज काय काय ऐकवणार!"

म्हणजे मी त्यांना घाबरून शिकले, आणि त्या मला घाबरून गप्प! त्या दिवशी आम्ही दोघींनी एका पानावर तीन जिलब्या उडवल्या. आज त्यांचा फोन आला की भाजी लागते, पण आमचं संपत नाही.

हे मात्र अजून सूड घेतात. कुठल्याही लग्नाला गेलो आणि कोणी म्हणालं, "आजी, नाव घ्या!" की हे शांतपणे खिशातून आधार कार्ड काढतात आणि माझ्या नाकासमोर धरतात.

मी फणकाऱ्याने मान फिरवते. पण फिरवण्याआधी एकदा वाचून घेते.