बंद दारावरचे मोर

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मागाहून वेळ मिळणार नाही. आणि कपबश्या जरा खाली ठेवा. मागे एकाने ही हकीगत ऐकता ऐकता माझ्याच धोतरावर चहा सांडला होता.

तर, माझ्या हातून एक दार झालं. म्हणजे घडवलं धुळ्याच्या रहीमचाचांनी, पण डोकं माझं. आणि त्या दारापायी मी जो शहाणपणा केला, तो आमच्या गावात अजून लहान पोरांना सांगतात.

आमचं गाव नरडाण्याच्या स्टेशनपासून बैलगाडीने तासाभरावर. घरात आबा, म्हणजे माझे वडील, आई, मी आणि धाकटी बहीण कमळी. कमळीला बघायला दोन स्थळं आली आणि दोन्ही परत गेली. दुसऱ्या वेळी त्यांच्यातला एक जण गाडीत बसता बसता म्हणाला, घर अगदीच साधं दिसतं. ते नेमकं मी ऐकलं. झालं! त्याच दिवशी ठरवलं, की यापुढे कमळीला बघायला जो येईल तो आधी आमचं दार बघेल आणि तिथेच गार होईल.

आणि मी ठरवलं की ठरवलं. आई म्हणते, हा पोटात होता तेव्हासुद्धा आडवाच होता.

धुळ्याला रहीमचाचांकडे गेलो. सागवानी दोन फळ्यांचं दार, फळीफळीवर एकेक मोर, भोवती वेल, खाली कमळं. मोराची मान नुसती कोरलेली नको, चांगली चार बोटं बाहेर आलेली हवी. चाचांनी सगळं ऐकलं, कानामागची पेन्सिल काढली आणि परत कानामागे ठेवली.

"भाऊ, नक्षी चौकटला करू," ते म्हणाले. "दार तर दिनभर खुल्लं राहते. चौकट कुठं जात नाही."

जन्मभर पटाशी चालवलेला माणूस सांगत होता हो. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, चौकट साधीच ठेवा, नक्षी फळ्यांवर. त्यांनी पुन्हा एकदा समजावून पाहिलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग ते बिचारे कामाला लागले.

दार आलं, बसवलं. बसवलं तेव्हा बंद होतं, म्हणून फारच सुरेख दिसलं. मी त्या रात्री समाधानाने झोपलो.

सकाळी आईने नेहमीसारखा अडसर काढला, दोन्ही फळ्या आत ढकलून भिंतीला टेकवल्या आणि सडा टाकायला गेली. मी मोठ्या हौसेने रस्त्यावर जाऊन बघतो तर काय? दोन्ही मोर घरात! अंधारात भिंतीला पाठ लावून उभे. रस्त्यावरून दिसत होती ती साधी चौकट, आणि चौकटीतून आमची चूल.

चाचांचं बोलणं तिथे उभ्या उभ्या कळलं. पण कळलं म्हणून मान्य करायचं? आणि मी? कमळीला बघायला पाहुणे चार दिवसांनी चाळीसगावाहून यायचे होते. मी जाहीर केलं, की तोवर दार दिवसाही बंद राहील.

आता तुम्ही जळगावची शहरातली माणसं, दुपारी खुशाल कडी लावून झोपता. आमच्या गावात दिवसा दार लावत नाहीत. दिवसाढवळ्या दार लागलं म्हणजे माणसं परगावी तरी गेली, नाहीतर घरातलं कोणीतरी गेलं. आईने हे मला सांगून पाहिलं. आबांनी ओरडून पाहिलं. कमळीने तर हात जोडले. मी काही हललो नाही. शेवटी सगळे कंटाळून परसातल्या दाराने ये-जा करू लागले.

सगळे म्हणजे ते तिघं. मी दाराआडच बसून होतो. आल्यागेल्याने नक्षीची तारीफ केली तर ती ऐकायला कोणी नको? तीन दिवस बसलो. लोक दारापाशी आले की आवाज खाली करायचे, भराभर पुढे जायचे. मी मनात म्हटलं, वा, दबकले! तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला, बंद दार बघून हातातलं कार्ड तसंच घेऊन गेला. ते पाहुण्यांचं कार्ड होतं. संध्याकाळऐवजी सकाळच्याच गाडीने येतो, असं त्यात लिहिलं होतं. हे मला कधी कळलं? सगळं होऊन गेल्यावर.

चौथ्या दिवशी आबा पहाटेच शिंदखेड्याला पेढे आणायला गेले. आई मांडे करण्यात गुंतली होती, कमळी परसात केस वाळवत होती, आणि मी आपल्या जागेवर. तेवढ्यात दारासमोर गाडी थांबली. फटीतून पाहिलं तर स्टेशनवरची भाड्याची गाडी, आतून तीन परकी माणसं उतरली. पुढे एक म्हातारे, तांबडं पागोटं, मोठ्या मिशा. मुलाचे आजोबा, नाना, ते हेच. वर्णन आमच्याकडे आधीच आलेलं होतं.

उठून दार उघडावं की नाही? कोणीही उघडलं असतं. पण उघडलं की मोर पुन्हा आत! म्हटलं, थोडं बघू द्या त्यांना. पोटभर बघू द्या.

नानांनी कडीला हात घातला. एवढ्यात शेजारचे भिकाभाऊ लगबगीने आले, त्यांनी नानांचा हात धरला आणि कानाशी काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, सांगताहेत, घाई करू नका, आधी कलाकुसर बघा. नाना दोन पावलं मागे सरले. दाराकडे बघत उभे राहिले. आणि मग त्यांनी हळूच डोक्यावरचं पागोटं काढलं.

काय सांगू, माझा ऊर भरून आला. कलेची कदर असलेलं घराणं! बाकीच्या दोघांनीही टोप्या काढल्या. तिघे ओट्यावर मान खाली घालून बसले. आळीतली माणसं जमू लागली, त्यांनीही डोकी उघडी केली. भिकाभाऊंच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, मोर इतके जिवंत उतरलेत की बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हसा, हसा. मला खरंच तसं वाटलं होतं.

मग एक म्हातारी हुंदके देऊ लागली, तेव्हा मात्र मला जरा शंका आली. मोर झाले तरी किती रडायचं?

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी आबा दिसले. हातात पेढ्यांचा पुडा. आपल्या दारात एवढी माणसं, सगळी बोडकी. आबांनी कोणाला काही विचारलं नाही. तीन दिवस मी गावात कोणाला दिसलो नव्हतो, म्हणून गावाने माझंच नाव धरलं होतं; आणि आबा पहाटे निघाले तेव्हा मी तोंडावर घोंगडी घेऊन झोपलेला. त्यांनी आपल्या आपणच काय ते ताडलं. पुडा छातीशी धरून ते रस्त्यातच खाली बसले.

"मना एकच आंडोर व्हता," आबा म्हणाले. आमच्याकडे मुलाला आंडोर म्हणतात. "हट्टी व्हता. डोकं नव्हतं त्याले. पन मना व्हता."

फटीला लावलेला डोळा तसाच राहिला. अंगातली सगळी हौस गळून गेली. मला लाज वाटली, इतकी की उठायलाही होईना. अडसर हाताशी होता, तरी काढला नाही.

आबांचा आवाज ऐकून कमळी परसातून धावत आली. केस मोकळे, ओले, बघायला आलेल्या माणसांसमोर जाऊ नये अशा अवतारात. तिने मला खांद्याने बाजूला सारलं, अडसर उचलला आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

"आबा, दादा जित्ता शे," ती म्हणाली. "मोर दखाडाले त्यानी दार लाई ठेवं."

आबा उठले. मला घट्ट कवटाळलं, आणि त्याच हाताने एक अशी ठेवून दिली की कान दिवाळीपर्यंत वाजत होता. आळीतल्या लोकांनी टोप्या घातल्या आणि मनसोक्त हसून घेतलं. मी हसत नव्हतो. मी नानांकडे बघत होतो. जिवंत माणसाच्या सुतकाला बसवल्यावर कोण थांबतं? हे तिसरं स्थळ. आता हेही उठणार, आणि या वेळी घर साधं दिसतं म्हणून नव्हे, माझ्यामुळे. मी पुढे झालो, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मोरांपासून अडसरापर्यंत सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मूर्ख मी आहे, माझ्या बहिणीला त्याची शिक्षा नको.

नानांनी मला खांद्याला धरून उभं केलं. मग त्यांनी कमळीकडे पाहिलं. ती खाली बघत होती, पण आत पळाली नव्हती.

"या घरमा दार उघाडनारी एकच पोर शे," नाना आबांना म्हणाले. "ती आम्ले द्या."

बस! एवढंच. मुलीला सुई ओवायला लावली नाही, चालून दाखव म्हटलं नाही. माझ्या मरणासाठी जमलेल्या लोकांनीच कमळीच्या लग्नाचे पेढे खाल्ले. नाना घरात आले, पाटावर बसले, चहा झाला, तिथीवर बोलणं सुरू झालं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं ना? आईने डोळे वटारलेही. पण चार दिवस ती तारीफ ऐकायलाच तर थांबलो होतो. मी विचारलंच, "नाना, दारावरची नक्षी कशी वाटली?"

कोणती नक्षी, नानांनी विचारलं. एवढा वेळ त्या दारासमोर बसलेला माणूस! त्यांनी दार बंद आहे एवढंच पाहिलं होतं.

मी त्यांच्या पाठीमागे, भिंतीला टेकलेल्या फळीकडे बोट दाखवलं. नानांनी वळून पाहिलं. आत आल्या आल्या त्यांनी आपलं पागोटं तिथेच, मोराच्या मानेला अडकवून ठेवलं होतं. त्यांनी मान हलवली.

"हा, हाई खुटी व्हय," ते म्हणाले. "खुटी मातर झकास करी."