कोरा कोपरा

निमोणे गावात घोंगडीचा माग चालू असलेले घर एकच उरले होते, ते गेणबाचे. मेंढरे विकून भावकीने केव्हाच शेती धरली होती. गेणबाकडेही तीन एकर रान होते, परंतु पाय खड्ड्यात सोडून मागावर बसल्याशिवाय त्याचा दिवस मार्गी लागत नसे. लोकर पिंजावी त्याने, सूत कातावे गिताबाईने आणि ताण्याच्या उभ्या सुताला चिंचोक्याची खळ दोघांनी मिळून लावावी, अशी त्या घराची पंचेचाळीस वर्षांची वहिवाट होती.

त्या वहिवाटीत एक नेम होता. मागावरून उतरलेली घोंगडी दाराबाहेर जाण्यापूर्वी तिच्या एका कोपऱ्याला जेजुरीचा भंडारा तेलात कालवून चोळायचा. घेणारा मारवाडी असो, मुलाणी असो की फौजदार. कोरा कोपरा घेऊन गेणबाची घोंगडी कोणाच्या घरी गेली नव्हती. "लेक सासरी धाडताना कपाळ मोकळं ठिवून धाडत्यात व्हय?" एवढेच स्पष्टीकरण तो देई, आणि ऐकणाऱ्याला ते पुरत असे.

शिरूरच्या मिशन दवाखान्यातील सिस्टर सुलक्षणा यांनाही ते पुरले होते. त्या राहुरीकडच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. गिताबाईला क्षय झाला तेव्हा गावाने तिच्या पाण्याचा तांब्या वेगळा काढला. सिस्टर मात्र दर गुरुवारी एस.टी.ने निमोण्याला येत, समोर बसून गोळ्या घ्यायला लावीत आणि तिच्याच हातचा चहा पिऊन परत जात. असे नऊ महिने. गिताबाई उठून बसली, पुन्हा सुताची चाती फिरवू लागली, आणि गेणबाने एक काळी घोंगडी सिस्टरांच्या पायाशी नेऊन ठेवली. त्यांनी तिचा पिवळा कोपरा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "आबा, तुमच्या देवाचा वास छान आहे." तेव्हापासून ती घोंगडी त्यांच्या खाटेवर असे, आणि गुरुवारचा चहाही चालूच राहिला.

चौऱ्याण्णव सालची दिवाळी उलटली आणि सिस्टर गुरुवार नसतानाही आल्या. जानेवारीत पोप फिलिपाइन्सला जाणार होते. तो देश बहुतांशी कॅथलिक. तिथल्या मनिला शहरी जगभरची तरुण मुले जमणार होती, आणि आपल्याकडच्या मुलींच्या तुकडीबरोबर सिस्टरांना पाठवायचे ठरले होते. प्रत्येक तुकडीने आपल्या मातीतली, हाताने केलेली एक वस्तू भेट म्हणून आणावी, असा निरोप होता.

"मी घोंगडीचं नाव सांगून टाकलं, आबा. तुम्हाला न विचारता."

"पांढरी करू," गेणबा म्हणाला. "मोठ्या गुरूला काळी नगं."

"कशीही करा. पण नेहमी करता तशीच करा."

दुसऱ्याच दिवशी गेणबा दौंडच्या गाडीत बसून खुटबावला मेव्हण्याकडे, रखमाजीकडे गेला. दिवाळीनंतरची कातरणी नुकतीच झाली होती. आपल्याकडची मेंढरे बहुतेक काळी. पांढऱ्या लोकरीसाठी त्याने मेंढरांचे तीन वाडे पालथे घातले आणि तेवढ्यातूनही काळा केस दिसला की चिमटीने काढून टाकला. गिताबाईने सूत इतके बारीक काढले की रखमाजीची बायको म्हणाली, "वन्सं, घोंगडी इणताय का धोतर?" पौष लागता लागता घोंगडी मागावरून उतरली. गेणबाने ती अंगणात बाजेवर पसरली. आपल्या हातून याहून चांगले काम पूर्वी झाले नाही आणि पुढे होणार नाही, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

ती बघायला हौसराव आप्पा आले. बागायतदार, कारखान्याचे माजी संचालक आणि गावातल्या कोणत्याही कामात शेवटचा शब्द टाकणारे गृहस्थ.

"गेणबा, तिकडं म्हणं बारा महिने घामाच्या धारा. घोंगडी पांघरून पोपाला उकडून काढतूस का?"

"पांघराया न्हाई आप्पा. बसाया. पाव्हण्याला आपण बसाया घोंगडीच टाकतो न्हवं?"

"ते खरं." आप्पांनी काठ चाचपला. गिताबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन बाहेर आली तसे त्यांचे लक्ष तिकडे गेले. "आन् हे काय? ह्याला भंडारा लावणार?"

"नेम हाय."

"आरं, नेम तुझा. त्यांचा देव एकच, त्याला दुसऱ्याची हळद चालंल व्हय? तिथं कुणी इचारलं, हा पिवळा डाग कशाचा, तर त्या बाईनं काय सांगायचं? जेजुरीच्या खंडोबाचा? तिच्या वरचे तिला धरतील फैलावर. दवाखान्यातनं उचलून कुठं आसामात टाकतील. मंग बस गुरुवारची वाट बघत."

आप्पा चहा पिऊन गेले. त्यांनी दुष्टाव्याने म्हटले नव्हते. जाताना विणीची तारीफही केली. पण गेणबाने वाटीत बोट घातले नाही. सिस्टरांना त्रास होऊ नये, असे तो स्वतःला सांगत होता. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. एवढ्या मोठ्या माणसांपुढे आपला धनगराचा पिवळा बोटभर ठसा गावंढळ दिसेल, ही लाज त्याच्या मनात पहिल्यांदाच शिरली होती. त्याने वाटी देव्हाऱ्यात परत ठेवली.

"कोरी धाडताय?" गिताबाईने विचारले.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

तिने घोंगडीची घडी घातली.

मुंबईची गाडी दौंडहून दुपारी होती. गेणबा आणि गिताबाई घोंगडी पांढऱ्या धडप्यात बांधून फलाटावर वेळेआधी तासभर उभे होते. सिस्टर दोन मुलींसह आल्या आणि तिथेच बाकावर त्यांनी गाठ सोडली. मुलींनी पांढऱ्याशुभ्र घोंगडीवरून हात फिरवला. सिस्टरांनी मात्र एक कोपरा उलटला, मग दुसरा, तिसरा, चौथा.

"आबा, भंडारा?"

गाडीची घंटा झाली होती. गेणबाला खरे सांगायला एक वाक्य पुरले असते.

"लावलाय की. आत मुरलाय. पांढऱ्यावर दिसत न्हाई."

सिस्टरांनी हातातला कोपरा नाकाशी नेला, क्षणभर तसाच धरला आणि घोंगडी घडी करून पोटाशी घेतली. "बरं," त्या म्हणाल्या. गाडी हलली तेव्हा त्या दारात उभ्या राहून हात करीत होत्या.

महिन्याने त्या निमोण्याला आल्या त्या पेढे घेऊनच. मनिलात लाखो माणसे होती; पोप सिस्टरांना दिसले ते बोटाच्या पेराएवढे, पांढरे, फार लांबून. भेटी थेट हाती द्यायच्या नव्हत्या. एका मोठ्या दालनात एक वृद्ध पाद्री प्रत्येक वस्तूची नोंद घेऊन ती आत पाठवीत होते. सिस्टरांनी त्या नोंदीची नक्कल मागून आणली होती आणि तिचे मराठी करून त्यांनी वाचून दाखवले: "मेंढीच्या लोकरीची घोंगडी. विणणार गेणबा, सूत गिताबाईचे, गाव निमोणे. कोपऱ्यात विणणाऱ्याच्या देवाची हळद, आशीर्वादादाखल."

"त्यांनी न्हाई इचारलं," गेणबा म्हणाला, "कुठं हाय हळद म्हणून?"

"विचारलं ना. कोपरे पाहिले त्यांनी. मी म्हटलं, विणणारा म्हणतो आहे, म्हणजे आहे. मग लिहिलं."

नक्कल गेणबाच्या हाती देऊन त्या गेल्या, तसा तो भिंतीला टेकून बसला. "फसवलं म्या तिला," तो म्हणाला. "माझ्या नावाचं खोटं तिनं खरं म्हणून तिच्या गुरूच्या दारात लिवलं."

गिताबाई शेगडी पुसत होती. "फसली कुठं ती? पांढऱ्यावर हळद दिसत न्हाई, हे नवरीच्या हळदीच्या लुगड्याला जाऊन सांगा. वास घेतला तिनं तुमच्यासमोर. तिला ठावं होतं."

"मंग बोलली का न्हाई?"

"तुमी कुठं बोलला?"

तेव्हापासून ओझे दुप्पट झाले. नकळत फसलेल्या माणसाची माफी मागता येते. आपला शब्द राखण्यासाठी जाणूनबुजून खोटे बोललेल्या माणसापुढे तोंड कसे उघडावे, हे गेणबाला उमजेना. गुरुवार येत, सिस्टर चहा पीत, पिकापाण्याचे बोलणे होई. पुढच्या गुरुवारी सांगू, असे म्हणत दोन वर्षे गेली. मग त्यांची बदली झाली, ती खरोखरच आसामात. गेणबा निरोपाला शिरूरपर्यंत गेला, आणि प्रवासाच्या गोष्टी बोलून परत आला.

त्यानंतर त्याने माग फार दिवस चालवला नाही. गुडघे खड्ड्यात उतरत नाहीत, असे तो लोकांना सांगे.

दोन हजार दोन सालच्या श्रावणात दवाखान्यातून निरोप आला. सिस्टर सुलक्षणा तिकडे आसामातच वारल्या होत्या, आणि त्यांची खाटेवरची काळी घोंगडी विणणाऱ्याला परत द्यावी, असे त्यांनी सांगून ठेवले होते. गेणबा शिरूरला गेला. तिथली नवी सिस्टर केरळची होती, मराठी मोडके बोले. तिने घोंगडी टेबलावर ठेवली. आठ-दहा वर्षे वापरून लोकर विरळ झाली होती. कोपरा तपकिरी पडला होता, पण पिवळी छटा अजून होती.

गेणबाने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली नक्कल काढली. "सिस्टरबाई, ह्यात एक चूक हाय. दुरुस्त हुईल का?"

तिने कागद सावकाश वाचला. "बाबा, हा फार लांबचा गोष्ट आहे. आता तो वही कुठे, कोणाला माहीत? कोण दुरुस्त करेल?"

"मंग हितं लिवा. तुमच्या वहीत."

"हा तर पेशंटची वही आहे."

"आसू द्या. लिवा. गेणबा, गाव निमोणे. कोपरा कोरा होता. हळद लावली न्हवती. सिस्टर सुलक्षणाबाईची काय चूक न्हाई."

मग तिने वहीच्या शेवटच्या पानावर, चुकतमाकत, मराठीत ते लिहिले आणि त्याला वाचून दाखवले. गेणबाने टेबलावरची शाईची डबी जवळ ओढली व खाली अंगठा केला.

"हे कोणाला पाठवायचं, बाबा?"

गेणबाने उत्तर द्यायला तोंड उघडले. सिस्टर सुलक्षणांचे नाव त्याच्या ओठांवर आले होते. मग त्याने काळी घोंगडी घडी करून काखेत घेतली, तिचा कोपरा आत दुमडला, आणि एस.टी.ची वेळ झाल्याचे सांगून तो उठला.