साहेबांच्या कमरेचा पट्टा

अकोल्याच्या जठारपेठेत एका वीज ठेकेदाराच्या अंगणातील सुरक्षा-सभेचे इतिवृत्त लिहिण्यासाठी मला, अनुभवी अर्जनवीस या नात्याने, सन्मानपूर्वक पाचारण करण्यात आले होते. बाबू मंडळी खुर्च्यांवर विराजमान होती. खांबांवर चढणारे कामगार मागे उभे होते. सभेचे अध्यक्ष असलेले ठेकेदार साहेब म्हणाले, “कमरेचे जुने सुरक्षा-पट्टे अजून वर्षभर चालतील.”

तोच एक किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा लाइनमन पुढे आला. त्याने आपला झिजलेला पट्टा, नवरदेवाला शेला बांधावा इतक्या मायेने, साहेबांच्या कमरेला बांधला आणि पट्ट्याचा दोर कडुनिंबाच्या फांदीवरून टाकून ओढू लागला.

“काय करून राहिला बे?”

“काई नाई साहेब, दोनच फूट वर घेतो. आमी तं तीस फूट जातो. भेता काहून? वर्षभर चालते ना पट्टा!”

बाबू हसता हसता खुर्च्यांवरून घसरले. साहेब ओरडले, “थांब! नवे पट्टे मंजूर!”

मी तत्काळ लिहिले : ‘अध्यक्षांनी टाचा उचललेल्या अवस्थेत नवे पट्टे मंजूर केले.’ माझ्या कोणत्याही अर्जाचा निकाल इतक्या त्वरेने लागला नव्हता. साहेबांनी ‘टाचा’ खोडण्यास फर्मावले.

लाइनमनने हळूच माझी लेखणी धरली. “राहू द्या भाऊ. पट्टे येईपर्यंत तं राहू द्या.”