सासऱ्यांची नाडी आणि आठावरचा काटा

माझ्या सासऱ्यांना मी एकदा जवळजवळ मारलं होतं, आणि तेही अत्यंत शास्त्रीय पद्धतीनं.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. मी दौंडच्या शाळेत शास्त्र शिकवायचो आणि सासुरवाडी होती केंदूरची. आपल्याकडं जावयाला कुणी चुकीचं म्हणत नाही. त्यातून जावई शास्त्राचा मास्तर! मी जर म्हणालो असतो की सूर्य पश्चिमेला उगवतो, तर माझ्या मेव्हण्यानं, शंकरनं, गोठ्याचं तोंड फिरवलं असतं. सासूबाई तर माझ्यासमोर येतच नसत. दाराआडून बोलायच्या, आणि तेही माझ्याशी नाही, भिंतीशी. भिंत काही उत्तर देत नसे, म्हणून मीच देत असे.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि बायको केंदूरलाच होतो, तेव्हा आबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, पाय सुजले. गोठ्यापर्यंत गेले तरी धाप लागायची. मी त्यांना शिरूरला एका ख्रिस्ती डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी छातीला नळी लावली, हृदय अशक्त झालंय म्हणाल्या आणि बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या.

"मास्तर, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "सकाळी गोळीच्या आधी मिनिटभर नाडी मोजायची. साठाच्या खाली आली तर गोळी द्यायची नाही, सरळ इथं यायचं. रोज एकच गोळी. आणि गुरुवारी, रविवारी अजिबात नाही."

"हे कशाचं औषध, बाई?" मी विचारलं. (मास्तरला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. उत्तर ऐकायचंच असं काही नसतं.)

"एका विलायती झाडाच्या पानांपासून करतात. पण..."

त्या 'पण'च्या पुढचं मी ऐकलं नाही. झाडाचं पान! म्हणजे झाडपाला! म्हणजे वनस्पतिशास्त्र! म्हणजे मी!

केंदूरला आल्या आल्या ओसरीवर माझं व्याख्यान झालं. "आबा, घाबरायचं काही कारण नाही. हे पाल्याचं औषध आहे. पाल्यानं कधी अपाय होत नसतो."

दाराआडून सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "कण्हेर बी झाडच हाय की."

मी हसलो. अडाणी माणसाकडं बघून शिकलेला माणूस हसतो ना, तसं.

मग गुरुवार उजाडला. बायको, सुमन, म्हणाली, "अहो, आज गोळी नाही ना द्यायची?"

मी खुर्चीत सावरून बसलो. "त्याचं कारण समजून घे. बाई ख्रिस्ती. त्यांच्यात रविवार हा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी काम बंद. मग बाईंना वाटलं असणार, हे लोक हिंदू, यांचा गुरुवार उपासाचा, तोही राखावा. फार सुसंस्कृत बाई! पण हृदयाला कुठला आलाय धर्म?"

"व्हय की!" शंकर म्हणाला. "काळजाला कुठला रईवार?"

"मेथीची भाजी खाताना आपण वार बघतो का?" मी विचारलं.

"न्हाई बघत," आबा म्हणाले, आणि त्यांनी गोळी गिळली. इतक्या सहज मी दोन धर्म ओलांडले.

राहिला नाडीचा प्रश्न. त्याला सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं आणि ते पंचक्रोशीत माझ्याच मनगटावर होतं. लग्नात आबांनीच मानानं बांधलेलं! चार माणसांत ते घड्याळ दाखवताना त्यांची छाती फुगायची. आता एक खासगी गोष्ट सांगतो. त्या घड्याळाचा सेकंदकाटा आठावर आला की थांबायचा. नखानं टिचकी मारली की पुढं निघायचा. पण सासऱ्यांनी मानानं दिलेलं घड्याळ बंद पडतं, हे सासऱ्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? दोन वर्षं मी एकच वाक्य म्हणत आलो होतो, "आबा, घड्याळ म्हणजे काय चाललंय!"

तर रोज सकाळी मी आबांचं मनगट धरायचो आणि आबा माझ्या मनगटाकडं बघत बसायचे. एकटक! काटा आठावर येऊन बसायचा. टिचकी मारावी तर आबांची नजर हटत नसे. बाहेर बैल हंबरला किंवा कुणी "आबा, राम राम" म्हणत आलं की ते तिकडं बघायचे, मी पटकन टिचकी मारायचो आणि काटा मार्गाला लागायचा. तोवर मी मोजत राहायचो. काटा थांबला तरी आबांचं हृदय थांबलं नव्हतं, तेव्हा मोजणं थांबवायचं कारण मला दिसलं नाही.

"अडुसष्ट!" मी जाहीर करायचो. "उत्तम! द्या गोळी."

सुरुवातीला गुण आला. सूज उतरली, धाप कमी झाली, आबा गोठ्यापर्यंत जाऊन आले. माझी कॉलर ताठ. दुसऱ्या रविवारनंतर मात्र एका दुपारी आबांनी भाकरी उलटीपालटी करून बघितली.

"सुमे, भाकरीत हळद का घातली गं?"

"न्हाई घातली, आबा."

"मग ही पिवळी कशी?" मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आन् जावईबापू, तुमचा सदराबी पिवळा?"

मी कोरा पांढरा सदरा घातला होता. दुसऱ्या दिवशी आबांना गोठ्यातला पांढरा खिलार पिवळा दिसायला लागला. ते खाट टाकून त्याच्यासमोर बसले. "सोन्याचा झालाय रं माझा राजा," म्हणत कौतुक करत राहिले. सासूबाईंनी भिंतीकडं कावीळ असल्याची शंका बोलून दाखवली. मी आबांचे डोळे ताणून बघितले. डोळे पांढरे स्वच्छ!

"उन्हाचा प्रकार आहे," मी सांगितलं. प्रकाशाच्या वक्रीभवनावर दहा मिनिटं बोललो. शंकरनं मान डोलावली.

पण तिसऱ्या दिवशी आबांनी आमरसाची वाटी सरकवली. ज्या माणसानं आयुष्यात आमरसाला नाही म्हटलं नव्हतं, त्यानं वाटी सरकवली. मग आबा परसात जाऊन ओकले. परत येताना उंबऱ्यावर झोकांडी गेली. शंकरनं धरलं म्हणून पडले नाहीत. अंग गार, चेहरा घामानं भिजलेला.

मी धावत जाऊन नाडी धरली. काटा आठावर. आबा एकटक. "चौसष्ट!" मी ओरडलो. "नाडी ठणठणीत आहे! आजची गोळी राहिली असेल, ती..."

"गोळी ऱ्हाऊ द्या," सुमन म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं वाक्य अर्ध्यावर तोडलं. "शंकऱ्या, गाडी जुंप."

बैलगाडीनं शिक्रापूर, तिथून एस.टी.नं शिरूर. वाटेत आबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि ते अधूनमधून विचारत होते, "जावईबापू, घड्याळ चालतंय न्हवं?" मी म्हणत होतो, "झकास, आबा!"

बाईंनी आबांना खाटेवर निजवलं आणि स्वतःच्या घड्याळावर नाडी मोजली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सेहेचाळीस."

"शक्य नाही, बाई. निघताना मी चौसष्ट मोजली."

"माझ्यासमोर मोजा."

मी एक हात धरला, बाईंनी दुसरा. काटा आठावर आला. आबा एकटक. वॉर्डात बैल नव्हता. राम राम घालायलाही कुणी आलं नाही. मी मोजतोय... सत्तर... ब्याऐंशी... काटा आठावरच! अखेर सवयीनं नख पुढं झालं आणि टिचकी वाजली.

"हे काय केलंत?" बाई म्हणाल्या.

मी आबांकडं पाहिलं. लग्नातला मान एका बाजूला आणि त्यांचं गार मनगट दुसऱ्या बाजूला. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

"घड्याळ अडकतं, बाई," मी म्हणालो. "पहिल्यापासून अडकतं."

"गोळ्या कशा दिल्यात?"

"रोज."

"गुरुवारी? रविवारी?"

मग मला माझा दोन धर्मांचा सिद्धांत सांगावा लागला. तो संपेपर्यंत वॉर्डातले सगळे रोगी उठून बसले होते.

"मास्तर," बाई शांतपणे म्हणाल्या, "रविवारी मी प्रार्थनेला जाते. त्याच्याशी गोळीचा संबंध नाही. हे औषध अंगात साचतं. साचलेलं उतरायला मधले दोन दिवस सोडायचे. जास्त झालं की नाडी मंदावते, अन्न नको होतं, सगळं पिवळं दिसतं. आणि पाला म्हणून निर्धास्त राहिलात? कण्हेर खाऊन बघाल का?"

खाटेवरून आबांचा बारीक आवाज आला. "म्हंजी रोज पाणी दिलं. वाफसा येऊच दिला न्हाई. मुळ्या सडणारच की!"

शेतकऱ्याला एका वाक्यात कळलं. मास्तरला दवाखाना लागला.

गोळ्या बंद झाल्या. बाईंनी आबांना आठवडाभर ठेवून घेतलं. एका सकाळी त्यांनी डोळे उघडले, माझा सदरा बघितला आणि म्हणाले, "मळलाय." पांढरा रंग परत आला होता! मी बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसून आलो.

"आबा, घड्याळाचं मी आधी सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

"मला ठाव हुतं की," आबा म्हणाले. "लग्नाच्या आधी सा महिनं माझ्याच हातावर हुतं. आठावर बसायचं. पर बांधून मोकळा झालो, मंग जावयाला कुठल्या तोंडानं सांगायचं? तुम्ही म्हणायचा झकास चालतंय. म्हून रोज निरखून बघत हुतो, दुरुस्त केलं का काय!"

घरी निघताना बाईंनी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ दिलं, गोळ्यांची नवी पुडी दिली आणि दोन्ही सुमनच्या हातात ठेवलं. माझा हात पुढं झाला होता, तो मी खिशात घातला.

केंदूरला सुमननं सासूबाईंना सगळं नीट समजावलं आणि पुडी त्यांच्या स्वाधीन केली. त्यानंतर त्या दाराआडून बाहेर आल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच! पदर सावरून समोर उभ्या राहिल्या आणि भिंतीशी नाही, थेट माझ्याशी बोलल्या.

"जावईबापू, गुरवारी आन् रईवारी ह्यास्नी गोळी न्हाई. आन् सातीबी दिवस तुमास्नी नाडी न्हाई."