दोघांनी उचलायची बॅटरी

गिरजा, माझी बायको, कुठलीही वस्तू घेताना आधी उचलून बघायची. भाव नंतर. बाजारात भोपळा उचलायची, भांड्याच्या दुकानात कुकर उचलायची. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर हिनं त्यांच्या दारातला भरलेला हंडाच उचलून बघितला. म्हणाली, "पोरीकडून रोज हे वाहून घेता व्हय? मग आमच्याकडं सुखातच राहील." लग्न मोडता मोडता राहिलं.

किडन्या गेल्यावर तिला डायलिसिससाठी नाशिकला न्यावं लागे. पाळी सकाळची, म्हणून दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यातून पहाटेच जीप काढायची. डायलिसिस चुकलं की अंगावर सूज आणि दम. त्यात ऐन थंडीत जीपची बॅटरी बसली.

आमच्याकडं उघड्यावरच्या गाडीची बॅटरी चोर नेतात. आमची एक साखळी-कुलपासकट गेली होती. म्हणून संध्याकाळी बॅटरी काढून घरात आणायची, पहाटे परत जोडायची. सगळ्या वस्तीवर हीच रीत.

दुकानदारानं दोन बॅटऱ्या पुढं ठेवल्या. "बाबा, डिझेल गाडी हाय. गारठ्यात इंजिन आखडतं, ओढायला जोर लागतो. मोठी घ्या. लहान हलकी हाय, पण पहाटे तिचा भरवसा नाय."

गिरजानं मोठीला हात घातला. जागची हलली नाही.

"ही नको. ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय."

"मावशी, बॅटरी रोज कशाला उचलायची?"

"तुझी गाडी दुकानापुढं असते रं. आमची रानात."

मी म्हणालो, मोठीच द्या.

"तुम्हाला नुसती ताकद दाखवायची हौस. टाके तुटले तर गाडी काय बॅटरी हाकणार हाय?"

"आणि सुरू नाही झाली तर तू चालत जाणार?"

"राहीन एक दिवस घरी."

"दिवाळीत राहून बघितलंस ना? आडवं होता येत नव्हतं तुला."

मी मोठी घेतली.

संध्याकाळी पाना घेऊन जीपकडं गेलो, तर ही जुनं लुगडं घेऊन उभी. बॅटरीखालून लुगडं घातलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं उजव्या हाताला गुंडाळलं. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुया टोचायच्या, त्यानं काही उचलायचं नाही असं डॉक्टरनं बजावलेलं. तो हात तिनं पाठीमागं धरला.

"चला. अन् माझ्याकडं बघत चालू नका, पायाखाली बघा."

"तुझ्याकडं काय बघायचंय आता?"

"तेच म्हणते मी."

तसंच रोज आत आणायचो, पहाटे तसंच बाहेर न्यायचो. द्राक्षं गारठू नयेत म्हणून बागांत शेकोट्या पेटवाव्या लागल्या, इतकी थंडी पडली. जीप एकदाही अडली नाही. तिचं एकही डायलिसिस चुकलं नाही.

गिरजा गेली ती पावसाळ्यात, दवाखान्यात, भर सकाळी. वेळेवर पोचलो होतो. मशीन लावलेलं होतं. त्यावरच तिचं हृदय थांबलं.

आता बॅटरी जीपमध्येच असते. परगावी असलेला मुलगा फोनवर म्हणतो, चोर नेतील. नेऊ देत. एकट्याला ती उचलवत नाही, आणि पहाटे मला कुठं पोचायचं नाही.