पुढून शेव्हरोले, मागून वोल्गा

कोलोन गावात एउसेबिओला सगळे त्याच्या गाडीवरून ओळखत. पंचावन्न सालची शेव्हरोले, बापाकडून आलेली, अंगाने ऐसपैस, म्हणून तिचं नाव जाडी. वर्षभर ती माणसं वाही आणि आठ सप्टेंबरच्या मिरवणुकीत, गाव जिला भजतं त्या कोब्रेच्या माउलीची मूर्ती. बापाचाच नवस होता: जाडीची चाकं फिरतील तोवर माउली दुसऱ्या गाडीत बसणार नाही. एउसेबिओने आयुष्यात फार काही मिळवलं नाही, पण हा मान जिवापाड जपला.

यंदा मिरवणूक दोन दिवसांवर आली आणि जाडीच्या मागून जातं फिरल्यासारखी घरघर सुरू झाली. मागची चाकं फिरवणारं डिफरन्शियल गेलं होतं. शेजारच्या रामिरोने लगेच आपला ट्रक धुवायला काढला.

"काळजी करू नकोस," तो कुंपणावरून म्हणाला. "माउलीला होईल सवय माझ्या ट्रकची."

एउसेबिओ तडक कार्देनासला गेला आणि पंचावन्न सालच्याच शेव्हरोलेचं डिफरन्शियल घेऊन आला. मागची चाकं उतरवली, ब्रेकचे ड्रम काढले, ॲक्सलचा दांडा बाहेर ओढला आणि त्याचं दातेरी टोक आणलेल्या डिफरन्शियलमध्ये घालून पाहिलं. जाईना. टोक जाड, दातेही वेगळे. ग्रीस लावून पाहिलं, तरी जाईना.

त्याची आई, दोन्या एउलोहिया, झुलत्या खुर्चीत काळा घेवडा निवडत होती. "कुठलं आणलंस?"

"शेव्हरोलेचं. गाडी शेव्हरोलेच आहे ना, आई?"

"पुढून आहे. ढुंगण वोल्गाचं, रशियन गाडीचं. तुझ्या बापाने बसवलं, तेव्हा तू पाळण्यात होतास."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? इंजिनाचे लाड केलेस, बाहेरून रंग चढवलेस. मागचं कधी कुरकुरलं नाही, म्हणून तू वाकला नाहीस."

तो गाडीखाली शिरला. ग्रीसचा आणि मातीचा थर खरवडला, तर मधोमध बोल्टांनी जोडलेली ॲक्सलच्या कवचाची दोन अर्धुकं निघाली. अशी घडण शेव्हरोलेची नव्हे; अस्सल रशियन. त्याला तिथेच हसू फुटलं. जन्मभर लोकांना पंचावन्न सालची म्हणून मिरवली, आणि ही बया अर्धी परकी.

पण आता वोल्गाचं डिफरन्शियल आणायचं कुठून? बाहेर सरकताना त्याची नजर कुंपणापलीकडे गेली. रामिरोचं खुराडं एका गंजक्या ॲक्सलवर उभं होतं. त्याच्याही मधोमध तसलाच सांधा.

कपडे वाळवायची दोरी सोडून तो धावला. खुराड्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली, परत येऊन जाडीखाली धरली. माप तंतोतंत. तरी बापाच्या गाडीने एकदा फसवलं होतं, म्हणून जाडीचा दांडाच खांद्यावर घेऊन गेला. खुराड्याखालच्या ॲक्सलचा दांडा उपसला आणि जाडीचा आत सरकवला. लोण्यात सुरी जावी तसा गेला.

"रामिरो, मला तुझं खुराडं हवंय."

रामिरोच्या हातात सूर्यफुलं होती, ट्रकला बांधायची. "आणि माझा ट्रक?"

"माउलीच्या पुढे चालव. ढोलवाले बसव त्यात."

"कोंबड्या कुठे ठेवू?"

"माझ्या खोलीत," दोन्या एउलोहिया म्हणाली. "ह्याच्या घोरण्यापेक्षा बऱ्या."

रामिरोने फुलं कुंपणावरून एउसेबिओच्या हातात दिली आणि पाना आणायला गेला.

आठ तारखेला ढोल पुढे निघाले. जाडीच्या टपावर पिवळ्या वस्त्रातली माउली, मागे सारं गाव गात. एउसेबिओ मात्र खिडकीबाहेर मान काढून मागच्या चाकांकडेच कान लावून होता. वोल्गा चकार शब्द बोलत नव्हती.