एका व्हॉल्व्हचे तीन निकाल

"काका, एक ट्यूब तपासायला इतका वेळ?" वैदेहीने पुन्हा विचारलं.

ही मुलगी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि गिटार वाजवते. संध्याकाळी कंपनीच्या कार्यक्रमात तिचा बँड होता, आणि तिचा ॲम्प्लिफायर कसबा पेठेत माझ्या दुकानात उघडा पडला होता. मध्येच खरखर, मध्येच आवाज गायब. ती ट्यूब म्हणते, मी व्हॉल्व्ह म्हणतो. वस्तू एकच: काचेची नळी. तापली की आतून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि त्यांच्या जोरावर बारीक आवाज मोठा होतो.

माझ्याकडे दोन जुने टेस्टर आहेत. ते दाखवायला गिऱ्हाईक क्वचित मिळतं. मी संधी सोडली नाही.

पहिला साधा. व्हॉल्व्हमधून इलेक्ट्रॉन निघतात की नाही, एवढंच बघतो. काटा हिरव्यात गेला. "गुड."

दुसरा भारी. व्हॉल्व्ह प्रत्यक्ष किती ताकदीने काम करतो, ते मोजतो. त्यात प्रत्येक वेळी मेन्सचा व्होल्टेज एका बटणाने जुळवून घ्यावा लागतो. ते का, यावर मी वैदेहीला सविस्तर व्याख्यान दिलं. मग चाचणी घेतली. काटा लाल पट्ट्यात. "बॅड."

"म्हणजे चांगली की वाईट?"

"पहिल्यावर फार विश्वास ठेवायचा नसतो," मी म्हणालो. तिने विचारलं, "मग लावला कशाला?" मी तो टेस्टर हळूच बाजूला सरकवला.

तसला दुसरा व्हॉल्व्ह दुकानात नव्हता. वारज्याला माझा जुना सहकारी लिमये राहतो. त्याला फोन करून व्हॉल्व्ह मागितला. व्हॉल्व्ह त्याच्याकडेही नव्हता. टेस्टर होता. मी म्हटलं, तोच आण, निकाल लावू.

"आणतो. पण तो काहीतरी तिसरंच बोलला, तर चौथा कुणाकडे मागणार?"

लिमये स्कूटरवर टेस्टर घेऊन आला. लावला. काटा लाल आणि हिरव्याच्या मधोमध थांबला. जुन्या टेस्टरांवर तिथे चक्क प्रश्नचिन्ह छापलेलं असतं.

वैदेही घड्याळाकडे बघत होती. लिमये दुसऱ्या टेस्टरकडे बघत होता.

"अरे, व्होल्टेज जुळवलास का?"

जुळवला नव्हता. व्याख्यानात राहून गेला. आता व्हॉल्व्ह पुन्हा त्यात लावून जुळवला, तर काटा हिरव्यात शिरला; जेमतेम, पण शिरला. व्हॉल्व्ह थोडा वापरलेला होता, एवढंच.

"आणि ॲम्प्लिफायरमध्ये लावून बघितलास?"

मी व्हॉल्व्ह टेस्टरमधून काढला.

मग जे सकाळीच करायचं, ते केलं. व्हॉल्व्ह जागेवर बसवला, ॲम्प्लिफायर चालू केला आणि लाकडी काडीने हळूच टकटक केली. व्हॉल्व्हला काही नाही. तो जिथे बसतो त्या सॉकेटला काडी लागताच खर्रर्र. संपर्क सैल झाले होते. बंद करून, आतला चार्ज उतरवून संपर्क घट्ट केले. पंधरा मिनिटांचं काम.

वैदेहीने गिटार जोडली. असा काही कर्कश आवाज निघाला, की मी स्विचवर झडपच घातली.

"काका, हे असंच वाजवतात!"

लिमये दुकानाबाहेर जाऊन हसला.

ॲम्प्लिफायर कॅबमध्ये घालून ती निघाली. रात्री मेसेज आला: कार्यक्रम उत्तम झाला, आवाज एकदाही गेला नाही. खाली एक प्रश्न होता: 'मला टेस्टर घ्यायचाय. तीनपैकी कोणता चांगला?'

मी लिहिलं: 'दुसरा. पण वापरणारा माझ्यापेक्षा कमी बोलणारा हवा.'